बंबाची तोटी, चांदीचा रॉड आणि घरातला पहिला जोड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाकडून आणलेल्या जुन्या तांब्याच्या बंबाची तोटी ज्या पितळी बूशमध्ये (कड्यासारख्या आखूड नळीत) बसते, तो बूश निखळला आहे. तो घरीच चांदीच्या ब्रेझिंगने, म्हणजे चांदीमिश्रित रॉड वितळवून धातू जोडण्याच्या पद्धतीने, बसवावा म्हणून आपण ब्युटेनच्या डबीवर चालणारा छोटा टॉर्च, दुकानातून सुटा मिळालेला एक ‘सिल्व्हर रॉड’ आणि सोनाराकडून सवागी (टाकणखार) एवढे साहित्य जमवले. वीस मिनिटे ज्योत धरल्यावर रॉड वितळला, त्याचे मणी झाले आणि ते पत्र्यावरून घरंगळून खाली पडले. तांब्याला काहीच धरले नाही. रॉड नकली आहे का, की टॉर्च बदलावा, असे आपण विचारले आहे.

मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षे कार्बाइडच्या टिपा हत्याराच्या पोलादी दांड्यावर (शँकवर) चांदीने बसवण्याचे काम केले. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये तांब्या-पितळेची किरकोळ दुरुस्ती करतो. त्या अनुभवावरून सांगायचे तर रॉड नकली असण्याची शक्यता कमी आहे. टॉर्च लहान पडला हे खरे आहे, पण नुसता मोठा टॉर्च आणून काम होईल असेही नाही. आपण रॉड ज्योतीने वितळवला आणि तांबे मात्र पुरेसे तापलेच नाही, हे मूळ दुखणे आहे. सवागी, कथलाचा जुना डाग आणि रॉडची जात या बाकीच्या अडचणी त्याच्याभोवती गोळा झाल्या आहेत.

ब्रेझिंगमध्ये जोडायचे दोन्ही भाग स्वतः रॉडच्या वितळण्याच्या तापमानाच्या थोडे वर जावे लागतात आणि त्यांच्या उष्णतेने रॉड वितळावा लागतो. तसे झाले की पातळ झालेली चांदी दोन भागांमधल्या अरुंद फटीत केशाकर्षणाने ओढली जाते, वातीत तेल चढावे तशी, आणि वरच्या दिशेनेही चढते. थंड धातूवर पडलेला वितळलेला थेंब मात्र तव्यावरच्या पाण्यासारखा गोल होऊन पळतो, कारण धातूला ओले करण्याआधीच तो गोठू लागतो. म्हणून मी नवशिक्यांना एकच सवय लावत असे: रॉड टेकवताना ज्योत क्षणभर बाजूला घ्यायची. धातूला टेकवल्यावर रॉड वितळून पसरला तर वेळ झाली आहे; रॉड टोकाला नुसता चिकटून राहिला तर तो काढून घ्यायचा आणि पुन्हा तापवायचे.

आता चांदीचे ब्रेझिंग म्हणजे नेमके काय, हे पाहू, कारण बाजारात वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. जोडणारा मिश्रधातू ४५० अंश सेल्सिअसच्या खाली वितळत असेल तर ते सोल्डरिंग, म्हणजे आपला कथलाचा डाग. त्याच्या वर वितळत असेल तर ते ब्रेझिंग. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे एकत्र केले की ते मिश्रण ७८० अंशांनाच वितळते. त्यात जस्त आणि थोडे कथील घातले की तापमान आणखी उतरते. ५६ टक्के चांदीचा, जस्त आणि कथील असलेला रॉड सुमारे ६१८ अंशांना मऊ होऊ लागतो आणि ६५२ अंशांना पूर्ण पातळ होतो. ४५ टक्क्यांचा, कथील नसलेला रॉड ७४३ अंशांपर्यंत न्यावा लागतो. म्हणजे चांदीचे प्रमाण कमी केले की पैसे वाचतात, पण उष्णता जास्त लागते, आणि पहिल्याच प्रयत्नात आपल्याकडे कमी असते ती उष्णताच. नवशिक्याने महाग रॉड घ्यावा हा माझा सल्ला अनेकांना उलटा वाटतो, पण त्यामागचे कारण एवढेच आहे.

आपला सुटा रॉड बहुधा यापैकी नसावा. एसी आणि फ्रिज दुरुस्त करणारे मेकॅनिक जो रॉड वापरतात तो तांबे आणि फॉस्फरसचा असतो. त्यात चांदी मुळीच नसते, किंवा २, ५ वा १५ टक्के असते. तोही दुकानात ‘सिल्व्हर रॉड’ म्हणूनच मागितला आणि दिला जातो. ओळखायला तो सोपा आहे: कानशीने टोक घासले तर तांबूस करडा रंग दिसतो, तर ४५ टक्क्यांच्या वरचा रॉड फिकट पिवळट पांढरा दिसतो. तांब्याला तांबे जोडताना या रॉडला फ्लक्स (तापताना धातूवरचा ऑक्साइड विरघळवणारा पदार्थ; सवागी हाही एक फ्लक्सच) लागत नाही, कारण त्यातला फॉस्फरस ऑक्साइड खाऊन टाकतो. पण पितळ आले की फ्लक्स लागतोच, आणि लोखंड किंवा पोलादावर तो कधीच वापरू नये, कारण जोडाच्या कडेला ठिसूळ फॉस्फाइडचा थर बनतो आणि जोड हातोडीच्या एका टोल्याने सुटतो. २ टक्के चांदीचा असा रॉड ७८८ अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होतो. आपल्या टॉर्चने बंबाच्या पत्र्यावर तेवढे तापमान गाठणे जवळजवळ अशक्य आहे.

इथे थोडा हिशेब मांडतो. तांबे सौम्य पोलादाच्या सात-आठ पट वेगाने उष्णता वाहून नेते. तव्याच्या धंद्यात हा गुण आहे, ब्रेझिंगमध्ये तो शत्रू आहे. बूशभोवतीचा पत्रा आणि बूश मिळून समजा २०० ग्रॅम धातू आहे आणि तो ३० अंशांपासून ६६० अंशांपर्यंत न्यायचा आहे. तांब्याची विशिष्ट उष्णता धरली तर त्याला सुमारे ४८ किलोज्यूल लागतात. हातातल्या ब्युटेन टॉर्चमधून ढोबळमानाने एक किलोवॉट उष्णता निघते आणि तिचा मोठा भाग हवेत जातो. धातूत दोन-तीनशे वॉट जरी शिरले तरी कागदावर तीन-चार मिनिटांत काम व्हायला हवे. पण बंब २०० ग्रॅमचा नसतो. जागा तापू लागली की तिच्याभोवतीचे कित्येक किलो तांबे ती उष्णता ओढून घेते आणि हवेत सोडते, आणि काही वेळाने जेवढी आत येते तेवढीच बाहेर जाऊ लागते. तिथून पुढे वीस मिनिटे काय आणि दोन तास काय, तापमान वाढत नाही. त्यात बंबाच्या तळाशी थोडे पाणी राहिले असेल तर बोलायलाच नको. आपल्याला नेमका हाच अनुभव आला.

उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो: जास्त उष्णता आत घालायची आणि बाहेर जाणारी अडवायची. दुसरा भाग स्वस्त आहे आणि त्याकडेच लोक दुर्लक्ष करतात. भट्टीच्या अस्तरासाठी मिळणाऱ्या हलक्या, सच्छिद्र उष्णतारोधक विटा तीन-चार आणाव्यात आणि जोडाभोवती त्यांची छोटी खोली रचावी, म्हणजे ज्योतीची उष्णता परतून धातूवर येते. साधी लाल वीट त्या मानाने बरीच उष्णता स्वतःच पिते. काँक्रीटच्या कट्ट्यावर किंवा फरशीवर थेट ज्योत मात्र धरू नये. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन कपचे उडतात आणि ते डोळ्यांच्या उंचीपर्यंत सहज येतात. ज्योतीतही एक बारकावा आहे. आतल्या निळ्या सुळक्याच्या टोकाच्या किंचित पुढे ज्योत सर्वांत गरम असते, पण बरेच जण सुळकाच धातूला टेकवतात, आणि तिथे अजून न जळलेला, थंड वायू असतो.

जास्त उष्णतेसाठी एलपीजीवर चालणारा, मोठ्या तोंडाचा बर्नर लागेल. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर या कामाला वापरू नये. नियमाने तो स्वयंपाकासाठीच असतो आणि त्याचा रेग्युलेटर अशा बर्नरला लागणारा दाब देतही नाही. ५ किलोचा, दुकानातून मिळणारा सिलिंडर, त्याला योग्य असा जास्त दाबाचा रेग्युलेटर आणि गॅससाठीचीच नळी घ्यावी, आणि प्रत्येक सांधा साबणाच्या फेसाने तपासावा. ऑक्सिजनचा संच घरी पहिल्या कामासाठी आणू नये असे माझे मत आहे. त्याची ज्योत इतकी तिखट असते की पितळी बूश वितळून खाली बसेपर्यंत नवख्याला काय चुकले ते कळत नाही.

आता सवागीकडे येतो. सोनार पिढ्यान्‌पिढ्या ती वापरत आले आहेत, आणि म्हणून ती आपल्यालाही चालावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सवागी तिच्यातले पाणी उडून गेल्यावर ७४३ अंशांच्या आसपास वितळते आणि त्यानंतरच ऑक्साइड नीट विरघळवू लागते. सोनाराचा डाग त्याच सुमाराला किंवा त्याहून वर वितळतो आणि त्याचा दागिना काही ग्रॅमचा असतो, त्यामुळे त्याचे गणित जमते. ६५० अंशांना वाहणारा रॉड आणि ७४३ अंशांना जागी होणारी सवागी ही जोडी जमत नाही; रॉड पातळ होतो तेव्हा त्याच्याखाली काळा ऑक्साइड तसाच असतो. चांदीच्या ब्रेझिंगसाठी फ्लोराइड आणि बोरेट असलेली पांढरी फ्लक्स पेस्ट मिळते, तीच घ्यावी.

त्या पेस्टचा एक मोठा फायदा असा की ती तापमापकाचे काम करते. १०० अंशांना तिच्यातले पाणी उकळून जाते. ३०० च्या पुढे ती फुगून पांढरी होते. ४२५ च्या आसपास खाली बसते आणि दुधाळ दिसते. आणि ५९० अंशांच्या सुमाराला काचेसारखी नितळ, पाण्यासारखी पातळ होऊन धातूवर चमकू लागते. ती संपूर्ण जोडाभोवती, केवळ आपल्या बाजूने नव्हे तर मागच्या बाजूनेही, अशी नितळ झाली की रॉडची वेळ जवळ आली. त्यानंतर काही सेकंदांत, सावलीत पाहिले तर, धातूला अगदी मंद लाली येते. उन्हात ही लाली दिसत नाही, आणि मग माणूस तापवतच राहतो. त्यामुळे हे काम सावलीत, पण मोकळ्या हवेत करावे. पेस्ट काळी पडून कोरडी दिसू लागली तर ती संपली आहे. तिच्यावर आणखी पेस्ट थापण्यात अर्थ नाही. थांबावे, थंड करावे, घासावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

आपण लिहिले नाही, पण माझा संशय आणखी एका गोष्टीवर आहे. जुना बूश कशाने बसवलेला होता? तांबटाने मुळात भट्टीत पितळी झाळ दिली असेल, तर ती ९०० अंशांच्या आसपास वितळते आणि आपल्या कामाला तिची काही अडचण नाही. पण अशा जुन्या बंबाची तोटी मधल्या काळात एकदा तरी गळलेली असते आणि कोणीतरी तिला कथील-शिशाचा डाग दिलेला असतो. छिद्राच्या कडेला मऊ, करडा, नखाने ओरखडा उठेल असा थर दिसतो का, ते पाहावे. दिसत असेल तर तो उघड्या तांब्यापर्यंत कानशीने आणि पॉलिश पेपरने पूर्ण काढावा लागेल, आतल्या बाजूनेही. शिसे आणि कथील राहिलेल्या जागेवर चांदी नीट धरत नाही, धरली तरी जोड ठिसूळ होतो, आणि ६५० अंशांना उरलेले शिसे धूर देते ते वेगळेच. बंबाला आतून कल्हई असेल तर छिद्राभोवतीची कल्हईही तशीच काढायची. कल्हई वितळवून फडक्याने पुसून घेणे पुरेसे नसते, कारण वितळलेले कथील तांब्याच्या पृष्ठभागाशी मिसळते आणि वरून पांढुरकी झाक राहते.

धुराबद्दल थोडे सविस्तर लिहितो. जुन्या पद्धतीच्या चांदीच्या रॉडमध्ये कॅडमियम असते. ४५ टक्के चांदी आणि २४ टक्के कॅडमियम असलेला रॉड ६०७ ते ६१८ अंशांच्या अरुंद पट्ट्यात वितळतो, लोण्यासारखा वाहतो, आणि म्हणूनच कारागिरांना तो अतिशय आवडत असे. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, म्हणजे ज्योत थोडी जास्त रेंगाळली की धूर सुरू. तो धूर घेतल्यावर लगेच काही होत नाही. काही तासांनी ताप, थंडी, खोकला येतो, साध्या फ्लूसारखे वाटते, आणि फुप्फुसांना झालेली इजा जिवावर बेतू शकते. युरोपीय संघाने २०११ च्या डिसेंबरपासून असे रॉड सर्वसाधारण वापरातून बंद केले. वेष्टन नसलेला सुटा रॉड घेऊ नका असे मी म्हणतो ते यासाठी. वेष्टनावर घटकांची टक्केवारी आणि ‘कॅडमियमरहित’ असा उल्लेख हवा. आपल्याकडचा रॉड फिकट पिवळट असेल आणि त्यात काय आहे हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर तो वापरू नये. दीडदोन फूट रॉडच्या किमतीसाठी हा धोका घेण्यासारखा नाही.

जस्ताचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. उमेदवारीच्या दिवसांत एका पावसाळी संध्याकाळी दार लावून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा ब्रेझ करत बसलो. रात्री दात वाजवणारी हुडहुडी भरली, तोंडाला गोडसर धातूची चव आली, आणि सकाळी काहीच झाले नसल्यासारखा उठलो. जस्ताच्या धुराचा ताप असाच एका रात्रीचा असतो, पण त्याची आणि कॅडमियमच्या दुखण्याची सुरुवात सारखीच दिसते. ब्रेझिंगनंतर रात्री ताप आला तर डॉक्टरांना दिवसा कोणते काम केले ते आवर्जून सांगावे. फ्लक्समधल्या फ्लोराइडचा धूरही डोळ्यांना आणि घशाला लागतो. पेस्ट ब्रशने लावावी, जखम असलेल्या हाताने नाही, आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नये. साधा पारदर्शक सुरक्षा चष्मा, सुती कपडे, शेजारी वाळूची बादली आणि मोकळी हवा एवढी तयारी पुरते. कोणतेही बंद भांडे कधीही तापवू नये. बंबाचे झाकण आणि दुसरी तोंडे उघडी आहेत, आत पाण्याचा थेंब नाही, हे दोनदा पाहावे. पेट्रोलची टाकी किंवा जुना सिलिंडर घरी ब्रेझ करण्याचा विचारही करू नये.

हे सगळे वाचून बंबाला लगेच हात घालावासा वाटेल, पण तो पहिला जोड होऊ देऊ नका. एसीच्या कामाची १५ मिमी व्यासाची तांब्याची नळी फूटभर आणि तिच्यावर सैलसर बसणारे कपलर (दोन नळ्या जोडणारे आखूड तुकडे) सहा-सात आणा. नळी आणि कपलर यांच्यात सगळीकडून ०.०५ ते ०.१२ मिमी फट असावी. वर्तमानपत्राचा कागद साधारण ०.०७ मिमी जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. फट याहून मोठी असेल तर केशाकर्षण कमी पडते आणि चांदी गळून जाते; अगदी घट्ट असेल तर आत शिरायला जागा नसते. ‘घट्ट बसवले म्हणजे मजबूत’ ही लोहारकामातली सवय इथे सोडावी लागते. दोन्ही भाग कोऱ्या पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि त्यानंतर बोट लावू नका. बोटांच्या तेलावर फ्लक्स पसरत नाही. फ्लक्स दोन्ही भागांना लावून मग बसवा. आधी नळी तापवा, मग ज्योत कपलरवर न्या, आणि सतत फिरती ठेवा. फ्लक्स नितळ झाला की ज्योतीच्या विरुद्ध बाजूने रॉड टेकवा. चांदी उष्णतेच्या दिशेने धावते, त्यामुळे ज्योत कपलरच्या खोल भागाकडे नेली की चांदी तिच्यामागे आत जाते.

चांदी किती लागते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. २५ मिमी व्यासाचा बूश, ३ मिमी खोलीचा जोड आणि ०.१ मिमी फट धरली तर भरायची जागा जेमतेम २४ घन मिलिमीटर होते. दीड मिमी जाडीच्या रॉडचा तो सव्वा-दीड सेंटिमीटर तुकडा. कडेला सुबक गोलाई येण्यासाठी आणखी तेवढाच धरला तरी तीन सेंटिमीटरमध्ये काम होते. आपल्या वर्णनावरून आपण एक वीत रॉड खाली पाडला आहे. बाहेर साचलेल्या चांदीच्या ढिगाने जोडाला ताकद येत नाही, ती फटीत शिरलेल्या पातळ थरातून येते. माझ्या जुन्या फोरमनच्या नजरेला ढीग दिसला की तो जोड न तपासताच परत पाठवत असे, आणि बहुतेक वेळा त्याचे बरोबर असे.

सहा जोड करा आणि त्यांतले चार कापा. हॅक्सॉने नळी उभी चिरा, अर्धे भाग पकडीने उलगडून वेगळे करून पाहा. आतला पृष्ठभाग सलग रुपेरी दिसला तर जमले. मध्ये काळे बेट दिसले तर तिथे उष्णता किंवा फ्लक्स पोहोचला नव्हता, आणि ते बेट कोणत्या बाजूला आहे यावरून आपली ज्योत कुठे कमी पडली ते कळते. बाहेरून सुंदर दिसणारा माझा पहिला जोड आतून निम्मा कोरडा निघाला होता. न कापता हे समजण्याचा मार्ग घरी नाही.

आता बंबाकडे वळू. इथून पुढे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. बंबाचा पत्रा एक-दीड मिमीच असेल, तर साध्या छिद्रात साधा बूश बसवून जोडाला खोली मिळत नाही. दोन भागांची आपसांतली पकड पातळ भागाच्या जाडीच्या किमान तिप्पट असावी असा आमचा ठोकताळा होता. त्यासाठी कॉलर असलेला बूश टर्नरकडून करून घ्यावा, म्हणजे कॉलर पत्र्यावर सपाट टेकते आणि पकड पाच-सहा मिमी होते. मात्र पत्रा छिद्राभोवती वाकलेला असेल तर तो आधी ठोकून सरळ करावा लागेल, नाहीतर कॉलरखाली एका बाजूला फट मोठी राहते. पितळ तांब्यापेक्षा थोडे जास्त प्रसरण पावते. २५ मिमी व्यासावर ६३० अंशांच्या वाढीत हा फरक ०.०३ मिमीच्या आसपास येतो, म्हणजे गरम असताना छिद्रातली फट तेवढी आवळते. थंड असताना बूश छिद्रात हलका फिरला पाहिजे तो यासाठी.

बंब आडवा ठेवून बूश वर येईल असा करा, तोटी आणि तिचे वॉशर काढून ठेवा, विटांनी भोवती आडोसा करा आणि सुरुवातीची पाच-सात मिनिटे बूशला ज्योत दाखवूच नका. त्याच्याभोवतीच्या तांब्यावर तळहाताएवढ्या वर्तुळात ज्योत फिरवा. बूश लहान असल्याने आणि पितळ उष्णता सावकाश वाहून नेत असल्याने तो ज्योतीखाली पटकन तापतो. तांबे तयार होण्याआधी तो ९०० अंशांकडे गेला तर आट्यांसकट खाली बसेल, आणि त्याआधीच त्यातले जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने जाऊ लागेल. एका बर्नरने जमत नसेल तर दुसऱ्या माणसाच्या हातात दुसरा बर्नर देऊन बंबाचा भोवतालचा भाग नुसता गरम ठेवायला सांगावे. मोठ्या तांब्याच्या कामात आम्ही असेच करत असू, आणि घरी हे काम एकट्याने करू नये याचे ते आणखी एक कारण.

एक पर्याय स्पष्टपणे सांगायला हवा. या जागेला चांदी लागतेच असे नाही. तोटीच्या जागी आत पाणी असते, आणि पाणी असेपर्यंत तो पत्रा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. शिसेविरहित कथलाचा डाग २२० अंशांच्या पुढे वितळतो. म्हणून जुन्या लोकांनी दिलेले साधे डागही वर्षानुवर्षे टिकले. बंब कधी कोरडा पेटवला गेला तर मात्र तो डाग वितळून तोटी पुन्हा गळेल, आणि तोटी निखाऱ्याच्या नळकांड्याच्या अगदी जवळ असेल तर हा धोका जास्त. घरात बंब पेटवणारे एकच काळजीपूर्वक माणूस असेल तर कथील चालेल. सगळेच पेटवत असतील तर चांदी बरी. आणि बंब भावनिक ठेवा असेल, पत्रा पातळ झालेला असेल, किंवा सरावाच्या सहा जोडांपैकी चार कोरडे निघाले असतील, तर तो पुण्याच्या तांबट आळीत किंवा आपल्या गावच्या तांबटाकडे न्यावा. त्यांच्या भट्टीत अख्खा भाग एकसारखा तापतो, आणि त्या एका गोष्टीची बरोबरी हातातल्या टॉर्चने होत नाही.

जोड झाल्यावर चांदी गोठेपर्यंत, म्हणजे लाली जाऊन आणखी अर्धा मिनिट, बूशला धक्का लागू देऊ नका. मग बंब हाताला सोसेल इतका गरम असताना फ्लक्सचा काचेसारखा थर गरम पाण्याने आणि तारेच्या ब्रशने काढा. तो राहू देऊ नये, कारण ओलाव्यात तो धातू खातो आणि कधीकधी बारीक गळतीचे छिद्र झाकूनही ठेवतो, जे महिन्याभराने उघडे पडते. उरलेला काळेपणा लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्व घालून, त्यात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले की निघतो. चिंचही चालते, फक्त वेळ जास्त लागतो. या पाण्यात लोखंडी चिमटा घालू नका, नाहीतर भोवतीच्या पितळेवर तांब्याचा लाल मुलामा चढतो.

शेवटी बंब पाण्याने भरून, तोटीखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी कागद पाहा. कागदावर ओल दिसली तर वरून आणखी चांदी ओतू नका. पाणी काढून जागा पूर्ण कोरडी करा, पुन्हा उघड्या धातूपर्यंत घासा, ताजा फ्लक्स लावा आणि केवळ गळणारी जागा न तापवता संपूर्ण बूश पुन्हा एकदा त्याच पद्धतीने तापवा. आतली चांदी पुन्हा पातळ झाली की छिद्र बहुधा आपोआप भरते, आणि नवी चांदी लागलीच तर फार तर नखाएवढी लागते.